लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्तीला देताना

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मुलीच्या लॅपटॉपची उजवी बिजागरी घट्ट झाली आणि पडद्याच्या कडेची चौकट उकलू लागली, तेव्हा ते यंत्र घेऊन मी साताऱ्याहून पुण्याच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते, बिल सोबत होते आणि काउंटरवरील तरुण अगदी सौजन्याने बोलत होता. त्यामुळे त्याने छापून पुढे केलेल्या जॉबशीटवर, म्हणजे यंत्र दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदीच्या कागदावर, मी परतीच्या एसटीच्या वेळेचा विचार करत सही केली. आठव्या दिवशी ई-मेल आला की यंत्राला बाहेरून आघात झालेला असल्याने दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. पुरावा म्हणून जोडली होती ती माझ्याच सहीची जॉबशीट, आणि तिच्यात यंत्राच्या स्थितीच्या रकान्यात 'सर्वत्र ओरखडे, कोपऱ्यावर दाबल्याची खूण' अशी नोंद होती. ओरखडे होते खरे, दाबल्याची खूण मात्र नव्हती. पण ती नव्हती हे दाखवणारे एकही छायाचित्र माझ्याकडे नव्हते. पाच आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर दुरुस्ती अखेर वॉरंटीतच झाली. त्यानंतर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या बऱ्याच लॅपटॉपसाठी अशा काउंटरांवर उभा राहिलो, आणि प्रत्येक वेळी हेच दिसले की यंत्र आपल्या हातातून सुटण्यापूर्वी कागदावर काय लिहिले गेले यावरच पुढचा बहुतेक निकाल ठरतो.

यंत्र चांगले असतानाच

नवा लॅपटॉप घरी आला की कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा अनुक्रमांक घालून वॉरंटी कोणत्या तारखेला संपते ते पाहावे. ही तारीख पुष्कळदा बिलाशी जुळत नाही, कारण यंत्र कारखान्यातून किंवा वितरकाकडून निघाल्याच्या दिवसापासून कंपनीच्या नोंदीत वॉरंटी मोजली जाते आणि दुकानाच्या फडताळात ते दोन-तीन महिने पडून राहिलेले असू शकते. बिलाची प्रत पाठवली की ही तारीख दुरुस्त होते. हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे. यंत्र बंद पडल्यावर, आणि तेही कंपनीच्या हिशेबाने वॉरंटी संपलेली असताना, त्याच कामासाठी दहा जणांशी बोलावे लागते.

अनुक्रमांक बहुधा तळाच्या स्टिकरवर असतो. डेलच्या यंत्रावर त्याला 'सर्व्हिस टॅग' म्हणतात आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो. एचपीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एफएन आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की तो पडद्यावर येतो. परंतु यंत्र सुरूच होत नसेल आणि वापराने स्टिकरही पुसट झाला असेल तर दोन्ही मार्ग खुंटतात, म्हणून त्या स्टिकरचे छायाचित्र फोनमध्ये आधीच काढून ठेवावे. त्याचबरोबर खोक्यावरील लेबलाचेही छायाचित्र घ्यावे. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार त्या लेबलावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहक-संपर्काचा तपशील छापणे बंधनकारक आहे, आणि पुढे नोटीस पाठवण्याची वेळ आली तर तोच पत्ता उपयोगी पडतो. दुकानाचे बिल उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावर असेल तर वर्षभरात ते कोरे होते, त्यामुळे त्याचीही प्रत करून घ्यावी आणि बिलावर अनुक्रमांक लिहिलेला आहे याची खात्री करावी.

बिल कोणाच्या नावाने करावे हाही प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जीएसटीची वजावट मिळावी म्हणून अनेक जण लॅपटॉप फर्मच्या नावाने घेतात. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही आणि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाच त्यातून सूट आहे. घरच्या वापराचा लॅपटॉप असेल तर बिल स्वतःच्याच नावाने घेणे श्रेयस्कर.

वॉरंटीचा प्रकारही याच वेळी वाचावा. इंजिनिअर घरी येऊन दुरुस्ती करतो ती 'ऑनसाइट' आणि यंत्र आपणच सेंटरवर न्यायचे ती 'कॅरी-इन'. ज्या तालुक्यात सेंटरच नाही तिथल्या ग्राहकासाठी या दोहोंतला फरक म्हणजे दोन वेळचे प्रवासभाडे आणि दोन दिवसांची रजा. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदा एकाच वर्षाची असते. पडणे, पाणी सांडणे यांसाठी 'ॲक्सिडेंटल डॅमेज' हे वेगळे संरक्षण पैसे भरून घ्यावे लागते. साध्या वॉरंटीत ते नसते. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता गळ्यात मारतो ती 'प्रोटेक्शन प्लॅन' नावाची योजना बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीची असते, आणि तिचा कागद घेऊन उत्पादकाच्या सेंटरवर गेल्यास तिथे तिला काहीही किंमत नसते. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर उत्पादकाची घ्यावी आणि ती संकेतस्थळावर अनुक्रमांकासमोर नोंदली गेली आहे का, ते पाहावे.

अमेरिकेतून किंवा आखातातून भावाने, मुलीने आणलेल्या लॅपटॉपबाबत एवढेच सांगतो की 'इंटरनॅशनल वॉरंटी' हा शब्द प्रत्येक कंपनीत आणि एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मालिकांत निरनिराळा अर्थ घेतो. यंत्र विमानात चढण्यापूर्वीच कंपनीच्या भारतातील विभागाला अनुक्रमांक कळवून लेखी उत्तर मागवावे, आणि मालकी किंवा देश बदलल्याची नोंद करावी लागत असल्यास ती करून घ्यावी. तिथल्या मॉडेलचा कीबोर्ड किंवा मदरबोर्ड (यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड) इथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलहून वेगळा असेल तर वॉरंटी मान्य होऊनही पार्टसाठी थांबावे लागते.

बिघाडाची नोंद

तक्रार करण्यापूर्वी बिघाडाचा पुरावा गोळा करावा. विशेषतः अधूनमधून दिसणारा बिघाड, म्हणजे तासाभराने पडदा लुकलुकणे, चार्जर लावूनही चार्ज न होणे, मध्येच यंत्र बंद पडणे, हा सेंटरच्या टेबलावर नेमका दिसत नाही आणि 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून यंत्र परत मिळते. यासाठी बिघाड घडत असतानाचा व्हिडिओ घ्यावा आणि त्यात एकदा तरी यंत्राचा अनुक्रमांक दिसेल असे पाहावे.

बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणारी तपासणीची सोय असते. डेलमध्ये यंत्र सुरू करताना एफ-१२ दाबून, तर एचपीमध्ये आधी एस्केप आणि मग एफ-२ दाबून तिच्यापर्यंत पोहोचता येते. या तपासणीत हार्ड डिस्क, मेमरी किंवा बॅटरी नापास झाली तर पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक येतो; त्याचे छायाचित्र तक्रारीला जोडले की 'विंडोज पुन्हा टाकून पाहा' या पहिल्या सल्ल्यात जाणारे दोन-तीन दिवस वाचतात. तपासणी विंडोजच्या बाहेर चालते, म्हणून दोष सॉफ्टवेअरचा असल्याचा मुद्दा तिथेच संपतो.

बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ टेबलावर नीट टेकत नसेल तर यापैकी काहीही करू नये. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, फुगवटा दाबू नये आणि असे यंत्र कुरिअरने पाठवू नये. फोनवर 'बॅटरी फुगली आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण अशा तक्रारी सुरक्षिततेच्या म्हणून वेगळ्या हाताळल्या जातात.

तक्रार नोंदवताना

कंपनीचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. 'कस्टमर केअर' म्हणून भामट्यांनी पेरलेले क्रमांक तिथे सर्रास वर येतात, आणि पलीकडचा माणूस गोड बोलून आपला फोन दुरून चालवू देणारे रिमोट ॲप उतरवायला लावतो किंवा 'नोंदणीचे दहा रुपये' मागून खात्यापर्यंत पोहोचतो. क्रमांक खोक्यावरून, वॉरंटी पुस्तिकेतून किंवा पत्ता स्वतः टंकून उघडलेल्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला विलंब न लावता कळवावे.

फोनवर तक्रार नोंदवली तरी त्याच दिवशी ई-मेलने ती पुन्हा लिहून पाठवावी. केस क्रमांक, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, बिघाड पहिल्यांदा कधी दिसला आणि फोनवर कोणत्या तारखेला काय आश्वासन मिळाले, एवढे पाच-सहा ओळींत मावते. पुढील सगळा पत्रव्यवहार त्याच ई-मेलच्या उत्तरात ठेवावा, म्हणजे दोन महिन्यांनी कोणी नवा अधिकारी आला तरी त्याला सगळी हकीकत एकाच धाग्यात वाचता येते. कॉल सेंटरमधील माणसावर आवाज चढवून काही साधत नाही. त्याच्या हाती फक्त नोंद करण्याचा अधिकार असतो, आणि तीच नोंद आपल्याला हवी असते.

माहिती आणि बिटलॉकर

वॉरंटी यंत्राची असते, त्यातील माहितीची नसते, हे जवळपास प्रत्येक कंपनी अटींमध्ये लिहून ठेवते. यंत्र चालू असेल तर छायाचित्रे, टॅलीचा डेटा, प्रबंधाची प्रकरणे बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत आणि ती डिस्क घरीच ठेवावी. यंत्र चालू नसेल तर स्टोरेज काढून देण्याची विनंती करावी. अनेक लॅपटॉपमध्ये ते सुटे असते आणि कीबोर्ड किंवा पडद्याच्या दुरुस्तीसाठी त्याची गरजच नसते. काही पातळ यंत्रांत, आणि ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये, स्टोरेज बोर्डावरच जोडलेले असल्याने हा पर्याय राहत नाही. मॅकबुक देताना 'फाइंड माय' ही हरवलेले यंत्र शोधण्याची सोय बंद करावी लागते, आणि त्यासाठी ॲपल खात्याचा पासवर्ड आठवत असावा लागतो.

विंडोज वापरणाऱ्यांनी बिटलॉकरकडे, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, लक्ष दिलेच पाहिजे. हल्लीच्या यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की माहितीचे कूटबद्धीकरण पुष्कळदा आपल्या नकळत सुरू होते, आणि त्याची किल्ली मदरबोर्डावरील सुरक्षा-चिपशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला की ती चिपही जाते, आणि नव्या बोर्डावर यंत्र सुरू करताच पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतील माहिती कायमची गेली, आणि त्यात ना इंजिनिअर काही करू शकतो ना कंपनी. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांची अकरा वर्षांची टिपणे अशीच गेली. बोर्ड वॉरंटीत, फुकट आणि वेळेवर बदलून मिळाला होता. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आजच खाते उघडून ती कागदावर उतरवून बिलासोबत ठेवावी.

यंत्र देताना स्वतःचा पासवर्ड जॉबशीटवर लिहून देण्याची पद्धत अनेक सेंटरांत आहे. शक्य असेल तेव्हा वेगळे तात्पुरते खाते तयार करून त्याचा पासवर्ड द्यावा. आपल्या खात्यात बँकेचे आणि ई-मेलचे सगळे दरवाजे उघडे असतात.

जॉबशीट

काउंटरवर जाण्यापूर्वी, किंवा तिथेच बाकावर बसून, यंत्राची सहा बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत: झाकण, तळ, दोन्ही कडा, बिजागऱ्या जवळून, आणि पडदा चालू असल्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवर. चार्जिंगच्या आणि यूएसबीच्या खाचाही जवळून घ्याव्यात, कारण 'पिन वाकलेली आहे' हा शेरा नंतर येऊ शकतो. छायाचित्रे काढताना काउंटरवरील माणसाने पाहिले तर बिघडत नाही, उलट बरेच.

जॉबशीट छापून समोर आली की तीत तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, बिघाडाचे वर्णन. ग्राहकाने पाच मिनिटे सांगितलेली हकीकत तिथे 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढ्या दोन शब्दांत येते, आणि लुकलुकणारा पडदा तपासणीच्या दहा मिनिटांत लुकलुकला नाही तर काम संपले असे धरले जाते. 'सुमारे एक तास वापरल्यानंतर पडदा लुकलुकतो, व्हिडिओ ई-मेलने दिला आहे' असे वाक्य लिहून घ्यावे. दुसरी, यंत्राच्या स्थितीचा रकाना, ज्याने माझे पाच आठवडे खाल्ले. 'सर्वत्र ओरखडे' हा शेरा अनेक ठिकाणी सवयीने, यंत्राकडे न पाहताच टाकला जातो. सेंटरला स्वतःचा बचाव करावयाचा असतो आणि ते समजण्यासारखेही आहे, पण म्हणून आपण त्यावर डोळे मिटून सही करण्याचे कारण नाही. तळाला दोन बारीक ओरखडे असतील तर 'तळाला दोन बारीक ओरखडे, तडा नाही, पोचा नाही, द्रवाची खूण नाही' असे लिहावयास सांगावे. संगणकात बदल होत नाही असे उत्तर मिळाले तर छापील प्रतीवर पेनने लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या प्रतीचे छायाचित्र काढावे. त्यालाही नकार मिळाला तर काउंटरवर उभ्या उभ्या आपली छायाचित्रे जोडून केस क्रमांकावर ई-मेल करावा. त्या ई-मेलवरील दिवस आणि वेळ नंतर फार बोलकी ठरते.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत दिलेल्या वस्तू. चार्जर दिला असेल तर त्याचा क्रमांक, नसेल तर 'चार्जर दिलेला नाही'. बॅग, माऊस, पेनड्राइव्ह यांपैकी काहीही देऊ नये.

तपासणी शुल्काविषयीही इथेच विचारावे. वॉरंटी नाकारली गेली तर हे शुल्क द्यावे लागेल अशी ओळ जॉबशीटच्या पाठीवर बारीक अक्षरांत असते, आणि रक्कम कळल्याशिवाय तिला मान्यता देऊ नये.

घरी येणारा इंजिनिअर आणि बदललेला बोर्ड

ऑनसाइट वॉरंटीत जो इंजिनिअर येतो तो बहुतेक वेळा उत्पादकाचा नोकर नसतो, त्या भागाचे कंत्राट घेतलेल्या संस्थेचा असतो आणि त्याला दिवसाकाठी अनेक कॉल उरकावयाचे असतात. तो पार्टचे खोके आपल्यासमोर उघडतो ना ते पाहावे. वॉरंटीच्या अटींनुसार पार्ट नवा असेलच असे नाही. नव्यासारखा करून तपासलेला, म्हणजे रिफर्बिश्ड, पार्ट देण्याचा हक्क बहुतेक कंपन्या राखून ठेवतात, आणि काढलेला जुना पार्ट कंपनीचा होतो. यावर वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा बदललेल्या पार्टचा क्रमांक कॉल रिपोर्टवर, म्हणजे इंजिनिअरच्या भेटीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्यावा.

मदरबोर्ड बदलल्यानंतरची तपासणी मात्र घाईने उरकू देऊ नये. नव्या बोर्डात यंत्राचा मूळ अनुक्रमांक लिहावा लागतो आणि हे काम विसरले जाण्याचे प्रसंग कमी नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तिथे दिसणारा अनुक्रमांक तळाच्या स्टिकरशी ताडून पाहावा. तो रिकामा किंवा वेगळा असेल तर पुढच्या खेपेस कंपनीचे संकेतस्थळ हे यंत्र ओळखणारच नाही. विंडोजचा परवानाही बोर्डाशी जोडलेला असतो, म्हणून सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' पाहावे. त्यानंतर प्रत्येक यूएसबी खाच, हेडफोन, कॅमेरा, वाय-फाय, कीबोर्डचा दिवा आणि दोन्ही पंखे तपासावेत आणि झाकण अनेकदा उघडून-मिटून पाहावे. स्क्रू कमी बसवलेले असणे हा नित्याचा अनुभव आहे. खरे वाटत नसेल तर जाता जाता इंजिनिअरच्या तळहातावर काय उरले आहे ते पाहावे.

काम संपताना काही कंपन्या आपल्या फोनवर ओटीपी पाठवतात आणि तो सांगितला की कॉल बंद होतो. 'सर, पार्ट उद्या येईल, आज फक्त ओटीपी द्या' ही विनंती कितीही अजिजीने आली तरी मान्य करू नये. बंद झालेला कॉल म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सुटलेली तक्रार, आणि उद्याचा दिवस नव्या केस क्रमांकाने सुरू होतो.

वॉरंटी नाकारली तर

नकाराची बहुतेक कारणे सेंटरच्या भाषेत 'सीआयडी' या तीन अक्षरांत मावतात. पोलिसांशी त्यांचा संबंध नाही. 'ग्राहकाकडून झालेले नुकसान' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूप आहे. त्यात पडणे, दाबले जाणे, पाणी, उंदीर, मुंग्या, बाहेर उघडलेले यंत्र असे सगळे येते.

असा नकार फोनवर ऐकून घेऊ नये. कोणत्या भागाला नुकसान झाले, ते कोणत्या खुणेवरून ठरवले आणि मूळ बिघाडाशी त्याचा काय संबंध, हे छायाचित्रांसह लेखी मागावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण झाकणावरील पोचा आणि चालू न होणारा कीबोर्ड यांचा संबंध असेलच असे नाही. लॅपटॉपमध्ये काही ठिकाणी द्रव लागल्यावर रंग बदलणारी लहान स्टिकरे असतात; ती लाल झालेली असतील तर वाद फारसा टिकत नाही. कोकणात, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरही, हवेतील ओलाव्याने बोर्डावर हिरवट गंज चढतो आणि तो पाणी सांडल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. अशा वेळी गंज कुठे आहे ते पाहावे: सांडलेले पाणी कीबोर्डखाली एखाद्या ठिकाणी डाग सोडते, तर दमट हवेचा परिणाम पंख्याच्या आणि झरोक्यांच्या आसपास पसरलेला दिसतो. ही खूण निर्णायक नसली तरी वरिष्ठांकडे फेरतपासणी मागण्यास पुरेशी आहे.

बिजागरीच्या वादाविषयी माझे मत स्पष्ट आहे. बिजागरीचा स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसतो त्या खुंट्या आतून तुटल्या असतील आणि बाहेर आघाताची खूण नसेल, तर तो वापरणाऱ्याचा दोष नव्हे. दिवसातून चार वेळा उघडण्यासाठीच ते झाकण केलेले असते. मुलीच्या यंत्राबाबत अखेर हाच युक्तिवाद, आतील खुंट्यांच्या छायाचित्रासह, मान्य झाला होता.

नकार कायम राहिला तर सेंटरचे एस्टिमेट येते, आणि त्यात संपूर्ण मदरबोर्डाची किंमत पाहून छाती दडपते. बोर्डावरील एखादा घटक बदलून काम भागवणारे, ज्यांना बाजारात 'चिप लेव्हल' म्हणतात असे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात आहेत. मात्र वॉरंटी शिल्लक असेल आणि वाद चालू असेल तोवर यंत्र त्यांच्याकडे उघडू नये. एकदा ते बाहेर उघडले गेले की कंपनीला आयते कारण मिळते.

पार्ट येत नाही, दुरुस्ती टिकत नाही

'पार्ट पेंडिंग' हा शब्द ऐकल्यावर ऑर्डरची तारीख आणि अपेक्षित तारीख ई-मेलवर मागावी. दहा-बारा दिवसांनंतर वरिष्ठांकडे तक्रार नेण्याची मागणी करावी. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ई-मेल शोधल्यास सापडते. एकच बिघाड तीन वेळा दुरुस्त होऊन पुन्हा उद्भवला तर चौथ्या दुरुस्तीऐवजी यंत्र बदलून मागावे, आणि तिन्ही जॉबशीट तारखांसह जोडाव्यात. इथे पहिल्या खेपेपासून प्रत्येक कागद जपलेला असण्याचा उपयोग होतो. ज्यांनी ऑनसाइट इंजिनिअरकडून कॉल रिपोर्टच घेतला नाही त्यांना तीनऐवजी एकच दुरुस्ती सिद्ध करता येते.

१९१५ आणि जिल्हा आयोग

कंपनीकडून उत्तर येणे थांबले की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन न्यायनिवाडा करत नाही, तक्रार कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडे पोहोचवते. तरीही मोठ्या लॅपटॉप कंपन्यांच्या बाबतीत एवढ्यानेच पुष्कळ प्रकरणे हलतात, कारण तिथे उत्तर देणारा माणूस कॉल सेंटरपेक्षा वरच्या पायरीवर असतो.

त्यानेही काम झाले नाही तर उत्पादक, विक्रेता आणि सेंटर या तिघांना नोटीस पाठवावी. कायद्याने ती सक्तीची नाही, वकिलाकडूनच पाठवावी असेही नाही. यंत्राचा तपशील, घटनाक्रम, मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत एवढे साध्या मराठीत लिहून पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवले की पुरे. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे घरगुती लॅपटॉपच्या बाबतीत खर्च झेरॉक्सचा आणि टपालाचाच. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध साताऱ्यात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे, आणि 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल होते. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था कागद तयार करण्यात मार्गदर्शन करतात.

आयोगाची नोटीस विरुद्ध पक्षाला मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागू शकतो, तेव्हा बंद लॅपटॉपच्या भरवशावर मुलांचे वर्ष अडवून ठेवू नये. दुसऱ्या यंत्राची सोय करावी आणि त्याचे बिल किंवा भाड्याची पावती नुकसानभरपाईच्या मागणीला जोडावी.

सुनावणीपूर्वी किंवा मध्यस्थीच्या टप्प्यावर कंपनी बहुधा तडजोडीचा प्रस्ताव आणते. प्रस्ताव यंत्र बदलून देण्याचा असेल तर ते नवे आहे की रिफर्बिश्ड, त्याचा अनुक्रमांक काय आणि वॉरंटी त्या दिवसापासून पुढे मोजली जाणार की जुन्या यंत्राचे उरलेलेच महिने मिळणार, हे तिन्ही तपशील तडजोडीच्या कागदावर लिहून घ्यावेत, आणि यंत्र हाती येऊन तपासून झाल्यावरच तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर सही करावी.